वाचकांचे प्रश्न: नामिबियातलं वाळवंट आणि थोडी धाडसी सुट्टी

प्रश्न: डिसेंबरात आम्ही चौघं मित्र नामिबियाला जायचं म्हणतोय. सँडबोर्डिंग, क्वाड बाइक, स्कायडायव्हिंग, फिश रिव्हर कॅन्यनचा ट्रेक, सगळं आठवड्यात बसेल का? गाडी आम्हीच चालवणार आहोत.

उत्तर: नाही बसणार. ट्रेक तर आत्ताच यादीतून काढून टाका, कारण तो 1 मे ते 15 सप्टेंबर एवढाच चालू असतो, उन्हाळ्यात तिथल्या उकाड्यामुळे आणि अचानक येणाऱ्या पुरामुळे बंदच ठेवतात. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, हे बरेच जण तिकीट काढल्यावर बघतात. पुढेमागे जमलंच तर साधारण 85 किलोमीटर पाठीवर सामान घेऊन चार-पाच दिवस चालायचंय आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे त्यासाठी वेगळीच सुट्टी काढा.

बाकीचं सगळं स्वाकोपमुंड या समुद्रकाठच्या गावी एकाच ठिकाणी होतं. समुद्रातून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह जातो, त्यामुळे ऐन डिसेंबरातही सकाळी धुकं आणि गार वारा असतो, जॅकेट न्याच, वाळवंटात कशाला म्हणून हसू नका. स्कायडायव्हिंगला धुकं निवळायची वाट बघावी लागते, म्हणून ते शेवटच्या दिवशी ठेवू नका. सँडबोर्डिंगमध्ये, म्हणजे वाळूच्या टेकडीवरून फळीवर घसरत येण्यात, झोपून जायचा प्रकार आधी करा. हार्डबोर्डचा पातळ तक्ता असतो, त्याच्या खालच्या बाजूला मेण घासून देतात, तुम्ही पोटावर पडायचं, पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढून धरायची, कोपरं वाळूला लागू द्यायची नाहीत आणि ब्रेक म्हणजे तुमच्या बुटांची टोकं. तोंड मिटलेलं ठेवा, किंचाळायचा मोह होतोच पण मग पुढचा अर्धा तास दातात कचकच. खाली येतो दहा-पंधरा सेकंदांत आणि वर परत आपल्याच पायांनी चढायचं, लिफ्टबिफ्ट काही नाही. चार चाकांची क्वाड बाइक गाइडसोबतच घ्या आणि त्याच्या मागोमागच चालवा, खडीच्या सपाट भागात चाकांचे व्रण वर्षानुवर्षं जात नाहीत आणि डमारा टर्न नावाचे छोटे पक्षी तिथे जमिनीवरच अंडी घालतात.

पण मला विचाराल तर तिथलं खरं धाडस म्हणजे गाडी चालवणं, आणि त्याचा तुमच्या प्रश्नात जेमतेम एका ओळीत उल्लेख आहे. राजधानी विंडहुकहून सेसरीम (सोसुसव्लेच्या वाळूच्या उंच टेकड्यांकडे जायचं गेट इथे आहे) आणि सेसरीमहून स्वाकोपमुंड, दोन्ही तीनशेच्या वर किलोमीटर आणि बराचसा रस्ता खडीचा. सरळसोट रिकामा रस्ता बघून पाय दाबला जातो, वळणावर खडीवरून गाडी घसरते आणि उलटते, परदेशी पाहुण्यांचे अपघात असेच होतात. ताशी 80 च्या वर जाऊ नका, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा (ओरिक्स, कुडू अशी मोठी हरणं रस्त्यात उभी असतात) आणि दोन स्टेपनी असलेली गाडी मागा. टायर, काच आणि वाळूने घासला गेलेला रंग इन्शुरन्समध्ये धरलाय का ते सही करण्याआधी वाचा, बहुतेक वेळा धरलेला नसतो. वाटेत सॉलिटेअरला पंप लागतो, अर्धी टाकी भरलेली असली तरी थांबून पूर्ण भरून घ्या.

सेसरीमला शक्य असेल तर गेटच्या आतल्या कॅम्पसाइटवर राहा, आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं, बाहेरच्यांना गेट उघडायची वाट बघावी लागते. आत साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि शेवटचे पाचेक किलोमीटर नुसती वाळू. फोर बाय फोर असेल तर टायरची हवा कमी करून जा, नाहीतर सरळ शटल घ्या, रुतलेली गाडी काढण्यात सकाळ जाते. तिथे बिग डॅडी ही तीनशेहून जास्त मीटर उंच टेकडी सकाळीच चढा आणि उतरताना डेडव्ले या सुकलेल्या तळ्याच्या पांढऱ्या मातीत थेट धावत या, शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली झाडं तिथे अजून उभी आहेत. दहानंतर वाळू तापते, चपला घालून गेलात तर पाय भाजतील, बूटच घाला.

प्रश्न: पैसे कुठले न्यावेत? कार्ड चालतं का?

उत्तर: नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत एकास एक आहे आणि रँड तिथे सगळीकडे घेतात. उलटं मात्र होत नाही, उरलेले नामिबियन डॉलर निघण्याआधीच बदलून घ्या. शहरात कार्ड चालतं, आडगावच्या पंपावर मशीन बंद असू शकतं म्हणून टाकी भरण्यापुरती रोख कायम जवळ असू द्या.