वाचकांचे प्रश्न : आवडत्या रंगाची गोधडी

मागील अंकात हातशिवणीच्या गोधडीविषयी जो मजकूर दिला होता, त्यावर अनेक पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांचा विषय एकच आहे : घरातल्या कोणाच्या तरी आवडीचा एक रंग धरून गोधडी कशी करावी. म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या आईला जांभळा रंग फार प्रिय आहे. येत्या मार्गशीर्षात तिला 75 वर्षे पूर्ण होतील, म्हणून तिच्याच जुन्या जांभळ्या सुती साड्यांची गोधडी शिवायला घेतली. साडेसहा इंचांचे चौकोन कापून एक कोपरा जोडूनही पाहिला. परंतु तो इतका मळकट आणि सपाट दिसतो की पुढे हातच चालेना. एकेक साडी सुंदर असताना एकत्र आल्यावर असे का व्हावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एक कोपरा जोडून थांबलात, हे फार चांगले केलेत, सगळे चौकोन जोडून झाल्यावर ही गोष्ट लक्षात येते तेव्हा उसवत बसण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या अडचणीची कारणे दोन असावीत.

पहिले कारण असे की, ज्याला एखादा रंग आवडतो तो माणूस वर्षानुवर्षे त्या रंगाच्या जवळजवळ एकाच गडदपणाच्या साड्या घेत राहतो. कपाटात आठ जांभळ्या साड्या निघतात आणि आठही मध्यम गडद असतात. अंगावर एका वेळी एकच साडी असल्यामुळे हे कधी जाणवत नाही, पण चौकोन शेजारी शेजारी बसले की एकही उठून दिसत नाही. खात्री करायची असेल, तर तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढा. सगळे एकसारखे राखाडी दिसले, तर दोष आपल्या शिवणीचा नाही, निवडीचा आहे. साडेसहा इंचांच्या तुकड्याच्या चारही कडांना पाव पाव इंच शिवणीत गेल्यावर सहा इंचांचा चौकोन उरतो, म्हणजे 5 फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडीला 150 चौकोन लागतात. त्यांत साधारण 60 मध्यम, 30 अगदी गडद आणि 45 फिके ठेवावेत, असा माझा अनुभव आहे. फिके म्हणजे पांढरेशुभ्र नव्हेत. पांढरा जांभळ्याशेजारी डोळ्यांत खुपतो. मोतिया, सायीचा रंग किंवा वापरून वापरून विटलेली फिकट जांभळी साडी यांचे काम अधिक चांगले होते. आपल्या आईंची सर्वांत जुनी, निस्तेज म्हणून बाजूला ठेवलेली साडी असेल, तर आधी ती बाहेर काढा.

दुसरे कारण जांभळ्याच्या स्वभावातच आहे. हा तांबडा आणि निळा यांच्या मधला रंग असल्यामुळे प्रत्येक जांभळा यांपैकी एका बाजूला झुकलेला असतो. वांगी, गुलबक्षी, आमसुली हे तांबड्याकडचे; गोकर्णाच्या फुलासारखे जांभळे निळ्याकडचे. दोन्ही जातींचे तुकडे आलटूनपालटून लावले की एकमेकांना मळवतात आणि आपल्याला वाटते की कापडच जुने झाले. म्हणून कापण्याआधी दोन ढीग करावेत. हे काम सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी करावे, कारण ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन जांभळे उन्हात निराळे दिसू शकतात आणि पिवळसर दिव्याखाली निळसर जांभळा तर चक्क मातकट होतो. मग एका ढिगाला गोधडीचे अंग द्यावे आणि दुसऱ्याची फक्त किनार करावी, किंवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकत जावे.

साड्यांत एखादी धूपछाव असेल, तर तिची वेगळी काळजी घ्यावी लागते. अशा कापडात उभे धागे तांबडे आणि आडवे निळे असतात आणि त्यांच्या मेळातून जांभळा भासतो. त्याचा चौकोन पाव फेरा वळवून लावला की तोच तुकडा शेजारच्यापेक्षा वेगळा चमकतो. हे नकळत झाले तर चूक दिसते. ठरवून एकाआड एक वळवले, तर एकाच साडीतून दोन छटा मिळतात. मी असे तुकडे कापतानाच प्रत्येकाच्या वरच्या कडेला खडूची बारीक रेघ ओढून ठेवते.

राहिलेले 15 चौकोन परक्या रंगाचे असू द्यावेत. वांग्याला देठाचा हिरवा जसा शोभतो, तसा पोपटी किंवा शेवाळी हिरवा जांभळ्यात खुलतो. पिवळाही चालतो, मात्र त्याचे चारपाच तुकडे पुरेत; जास्त झाले की नजर त्यांच्यावरच खिळते आणि आईंचा जांभळा मागे पडतो.

एक सूचना पुढच्यासाठी : जांभळा उन्हात लवकर विटतो. गोधडी वाळवताना सावलीत घालावी, किंवा उन्हात घालायचीच असेल तर उलटी घालावी.

प्रश्न : तांबडा आणि सायीचा रंग अशा दोनच रंगांची गोधडी करायची आहे. धुतल्यावर तांबडा सुटेल अशी भीती वाटते. कापड मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असे सासूबाई सांगतात. ते खरे आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : सासूबाई जे सांगतात त्यामागे जुनी रीत आहे, पण ती रंगाऱ्याची रीत आहे, धुणाऱ्याची नव्हे. मंजिष्ठेसारखा वनस्पतींचा रंग चढवण्याआधी कापडाला तुरटी देतात, म्हणजे तो सुताला धरून राहतो. आजच्या अनेक रासायनिक रंगांत रंगवताना मीठ घालतात, ते पाण्यातला रंग सुताकडे ढकलण्यासाठी. दुकानातून आलेल्या, आधीच रंगलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने किंवा तुरटीने थांबत नाही. न चिकटलेला रंग निघून जाईपर्यंत कापड धूत राहणे, हाच उपाय आहे.

आधी पारख करावी. तांबड्या कापडाचा बोटभर तुकडा आणि पांढऱ्या मलमलीचा तेवढाच तुकडा एकत्र बांधून वाटीभर गरम साबणाच्या पाण्यात 20 मिनिटे ठेवावा, मग दोन्ही ओलेच एकमेकांवर दाबून वाळू द्यावेत. मलमलीवर गुलाबी छाया उतरली, तर पूर्ण कापड वेगळे धुवावे आणि पारख पुन्हा करावी. तीन धुण्यांनंतरही रंग सुटत असेल, तर ते कापड गोधडीत घालू नये. ते कितीही आवडले तरी घालू नये. माझ्या पहिल्या गोधडीत मी एक तांबडी किनार अशीच मोहापोटी लावली होती. पहिल्याच धुण्यात तिच्या शेजारच्या सगळ्या मोतिया चौकोनांवर गुलाबी ओघळ उतरले आणि मी घाबरून गोधडी तशीच वाळत टाकली, ही दुसरी चूक. रंग उतरलेली गोधडी वाळू देऊ नये आणि तिला इस्त्री तर मुळीच लावू नये. ती ओली असतानाच मोठ्या टबात, भरपूर गरम पाण्यात धुण्याची पावडर विरघळवून रात्रभर पूर्ण बुडवून ठेवावी. पाणी रंगले की बदलावे. बराचसा सुटा रंग अशाने निघून जातो.

धुण्याचा दुसराही लाभ आहे. 100 इंच नवे सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 इंच आटणे नेहमीचे आहे, तर जुनी साडी केव्हाच आटून बसलेली असते. दोन्ही न धुता जोडली, तर गोधडीला पहिल्याच पावसाळ्यानंतर चुण्या पडतात.

प्रश्न : मुलीला मोरपंखी रंग हवा आहे, पण घरातल्या मोरपंखी साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या आहेत. त्या चालतील का? आणि एकूण साड्या किती लागतील? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पांघरायच्या गोधडीला पॉलिएस्टर नको. ते घाम शोषत नाही, सुई त्यावर घसरते आणि सुती थराबरोबर एकजीव होत नाही. मोरपंखी सुती कापड वरच्या थरापुरते विकत घ्यावे आणि आतले थर घरातल्या कोणत्याही रंगाच्या मऊ सुती साड्यांचे करावेत. फिक्या चौकोनांखाली मात्र गडद साडी येऊ देऊ नये; ती वरून झिरपल्यासारखी दिसते.

5 फूट बाय साडेसात फुटांच्या एका थराला एक पाचवारी साडी पुरते आणि शिवाय 30 इंच रुंदीची लांब पट्टी उरते. नऊवारीतून जोड देऊन दोन थर निघतात. इरकल वापरायची असेल, तर तिचा तांबडा पदर कापून बाजूला ठेवावा. अंग सुती असले तरी पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि दोघांची धुलाई जमत नाही. जुनी साडी दोन अंगठ्यांत धरून ताणावी. चर्र असा आवाज आला, तर ती आतल्या थरालाही निरुपयोगी आहे.

प्रश्न : आमच्याकडे वाकळ बाहेरून आत अशी गोल गोल शिवतात, शेजारी मात्र सरळ उभ्या ओळी घालतात. एकाच रंगाच्या वाकळीला काय शोभेल? दोरा कोणत्या रंगाचा घ्यावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रंग एकच असला की टाक्यांची ओळ हीच नक्षी होते, म्हणून आपली बाहेरून आत येणारी रीत सोडू नका. या रीतीत कापडाचा सैलपणा मध्ये ढकलला जाऊन तिथे फुगा येतो. तो टाळण्यासाठी सर्व थर वीतवीतभर अंतरावर कच्च्या टाक्यांनी आधी पक्के टाचून घ्यावेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया, ज्यांच्या पूर्वजांपैकी बरेच जण पोर्तुगीज अमलातील गोव्यातून तिकडे गेले, आपल्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, याच्याही पुढे जातात. वरचे तुकडे आधी जोडून न घेता कडेपासून मध्याकडे शिवत जाताना एकेक तुकडा मांडतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे, म्हणजे ‘फुला’, लावतात. ज्याला रंग डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवता येतो, त्याने एकदा ही पद्धत छोट्या दुपट्यावर करून पाहावी.

दोऱ्याविषयी माझे मत ठाम आहे. गडद दोरा गडद तुकड्यांत हरवतो आणि फिक्या तुकड्यांवर मुंग्यांची रांग दिसतो. त्याच रंगाची मध्यम-फिकी छटा घेतली, तर टाका दोन्हीकडे बेताने दिसतो. टाक्यांच्या ओळी एक इंच अंतरावर घातल्या, तरी 5 बाय साडेसात फुटांत ओळींचीच लांबी सुमारे 137 मीटर भरते. वरखाली जाणारा दोरा आणि गाठींसाठी तोडलेली टोके धरून 170 मीटर घ्यावा, आणि अर्ध्या इंचावर घालणार असाल तर त्याच्या दुप्पट. हा सर्व दोरा एकाच दिवशी, रीळांवरचा रंगाचा क्रमांक जुळवून आणावा, कारण महिन्याने आणलेले त्याच नावाचे रीळ थोडे वेगळे निघते आणि तो फरक नेमका वाकळीच्या मध्यभागी येतो.