पंखांच्या कडा

प्रिय पोरी,

पत्र पोचलं. रस्त्याच्या कडेला मेलेलं घुबड सापडलं, ते तू फ्रीजरमध्ये ठेवलंस, आता त्यातून काहीतरी करायचं मनात आहे. आणि वर्गातली मैत्रीण म्हणते, हे क्रूर आहे. तुम्हा दोघींमध्ये मी निवाडा करावा असं तुला वाटतं. तो मी करणार नाही. त्याऐवजी माझी एक फजिती सांगते.

तुझ्याहून थोडी मोठी असताना मी फुलपाखरांची एक पेटी विकत घेतली होती. काचेखाली टाचलेली निळी मॉर्फो, ओळीने. विकणारा म्हणाला, "सगळी आपोआप मेलेली आहेत." मला तेच ऐकायचं होतं, त्यामुळे पुढे एक शब्द विचारला नाही. एका कामात ती वापरली, वाहवा मिळाली. पुढे कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक ओळखीच्या बाई घरी आल्या. त्यांनी पेटीवर भिंग धरलं आणि विचारलं, "ही उडाली तरी होती का?" मला प्रश्नच कळेना. मग त्यांनी पंखांच्या कडा दाखवल्या. आयुष्य काढून मेलेल्या फुलपाखराच्या कडा फाटलेल्या असतात, कुठे पक्ष्याच्या चोचीने तुकडा गेलेला असतो, खवले झडून रंग विटलेला असतो. माझ्या पेटीतल्या एकाही पंखावर ओरखडा नव्हता. कोशातून बाहेर आली, पंख वाळले, आणि तेवढ्यात मारली. अशीच खपतात ना.

ज्या निळाईसाठी मी पैसे मोजले होते, ती त्यांना उडू न दिल्यामुळे टिकली होती. आणि पैसे मोजले म्हणजे मी पुढच्या पेटीची ऑर्डरच दिली होती. "मी कुठे मारलं, मेलेलंच तर होतं" हे वाक्य मी त्या दिवसापासून स्वतःला म्हणू दिलेलं नाही. प्राणी मेलेला आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो कसा मेला आणि तुझ्या कामामुळे आणखी कोणी मरणार आहे का, हे बघायचं.

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टने काचेच्या टाकीत, फॉर्मॅलिनमध्ये (शरीर कुजू न देणाऱ्या रसायनात) ठेवलेला शार्क तुला माहीत आहेच. १९९१ साली ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातून तो सांगून पकडवून आणला. पण शरीर आतपर्यंत नीट मुरवलं गेलं नव्हतं; टाकीतलं पाणी गढूळ झालं, कातडी सुरकुतली. २००६ मध्ये त्या जागी दुसरा शार्क घातला. एका कल्पनेसाठी दोन शार्क. लोक पहिल्या शार्कवरून भांडतात. मला दुसऱ्याचा जास्त राग येतो, कारण तो निव्वळ हलगर्जीपणाने मेला. मृत शरीराला हात घालायचा तर ते काम येत असायला हवं. न शिकता केलं आणि कुजलं, तर ते कचऱ्यातच जाणार. त्याच हर्स्टच्या, लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या २०१२ च्या प्रदर्शनात जिवंत फुलपाखरांची खोली होती आणि तिथे सुमारे ९,००० मेल्याच्या बातम्या आल्या. माझी पेटी आठवून मी ते आकडे वाचले.

कायद्यावर मात्र विसंबू नकोस. डेन्मार्कच्या एका संग्रहालयात २००० साली मार्को एव्हारिस्टी या कलाकाराने मिक्सरच्या भांड्यांत गोल्डफिश सोडले होते, बटण दाबायचं की नाही ते प्रेक्षकांवर. कोणीतरी दाबलं. संग्रहालयाच्या संचालकावर खटला झाला आणि तो सुटला, कारण मासे तत्क्षणी मेले, तडफडले नाहीत. न्यायालयाचं बरोबर असेल. पण त्या मरणाची गरज होती का, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हताच. तो चित्रकाराचा असतो.

आता गरजेबद्दल. कधीकधी खरं शरीरच लागतं, हे मी मान्य करते. जर्मन कलाकार जोसेफ बॉयसने १९६५ साली डोक्याला मध आणि सोन्याचा वर्ख लावून, मेलेला ससा कुशीत धरून, त्याला चित्रं समजावून सांगितली. तिथे प्लास्टरचा ससा चालला नसता. त्या लुळ्या कानांतच सगळं आहे. पण बहुतेक वेळा (माझ्यासकट) लोक शरीर आणतात कारण ते आणलं की बघणारा दचकतो, आणि दचकणं हे काम झाल्यासारखं वाटतं. घुबडाची आधी दहा रेखाटनं कर. मग मातीत करून बघ. मातीच्या घुबडाने तुझं म्हणणं पोचत असेल तर खऱ्याला राहू दे.

पोचत नसेल, तर सरळ वाटाही आहेत. अमेरिकन कलाकार रॉबर्ट रॉशनबर्गने त्याची अंगोरा बोकडाची प्रसिद्ध कृती जुन्या सामानाच्या दुकानात मिळालेल्या, पेंढा भरलेल्या बोकडावर केली. न्यूझीलंडची कलाकार अँजेला सिंगर शिकाऱ्यांच्या टाकून दिलेल्या ट्रॉफी, म्हणजे पेंढा भरलेले प्राणी, घेऊन काम करते. ब्रिटिश कलाकार पॉली मॉर्गन अपघाताने किंवा आपोआप मेलेलेच प्राणी घेते. एक सावधगिरी: जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातडीला अनेकदा आर्सेनिक, म्हणजे विष, लावलेलं असतं. हातमोजे आणि मास्क हवेतच. फॉर्मॅलिनला तर एकटीने हात लावूच नकोस, त्याच्या वाफेने कॅन्सर होऊ शकतो.

तुझ्या मैत्रिणीला टोमणा मारायचा मोह होईल, की तूही सेबलचा ब्रश वापरतेस. खरं आहे, तो विझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. कॅनव्हासच्या अस्तरासाठी सशाच्या कातड्याचा सरस असतो, बोन ब्लॅक हा काळा रंग जाळलेल्या हाडांचा, आणि जुन्या फोटो-पेपरवर जिलेटीन. आपण सगळेच यात आहोत. पण दुसऱ्याचे हात बरबटलेले दाखवल्याने आपले धुतले जात नाहीत, म्हणून हा मुद्दा वादात वापरू नकोस. सामानाची यादी करताना वापर.

आणि घुबड सध्या आहे तिथेच राहू दे. संरक्षित पक्षी मेलेला सापडला तरी बऱ्याच देशांत तो परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या १९१८ च्या कायद्यात तर बहुतेक रानपक्ष्यांचं गळलेलं पीससुद्धा उचलायला मनाई आहे. ऐकायला अतिरेकी वाटतं, पण पीस गळलं की उपटलं हे नुसतं पिसाकडे बघून सांगता येत नाही. तेव्हा आधी वनखात्याला फोन कर. त्यांनी नेलं तर रेखाटनं तुझ्याकडे उरतीलच. ठेवायला परवानगी मिळाली तर पोट बघ: हिरवट पडलं असेल तर पिसं सुटायला लागतील, मग फार तर सांगाडा हाती लागेल.

नेमकं कुठे सापडलं, किती वाजता, अंग गरम होतं का, पंख कुठल्या बाजूला मोडला होता, हे आज रात्रीच लिहून काढ. पत्रात तू फक्त "रस्त्याच्या कडेला" एवढंच लिहिलं आहेस.

तुझी,
बाई