पुण्यात स्वतःचं क्लिनिक असलेल्या डॉक्टरला पायलटांची मेडिकल करायची मान्यता कशी मिळते? प्रॅक्टिस सांभाळून जोडधंदा म्हणून जमेल का?

'जोडधंदा' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो, नाहीतर रविवारची दुपार मी झोपेतच घालवतो.

मान्यतेचं आधी उरकतो. नुसत्या एमबीबीएसवर काय, एमडीवरही कोणी पायलट तपासायला बसवत नाही. एव्हिएशन मेडिसिनचं प्रशिक्षण लागतं. ते बंगळूरला हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये होतं, मीही तिथेच केलं. मग डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या नागरी विमानवाहतुकीच्या नियामकाच्या, पॅनेलवर यायचं. सुरुवात क्लास टू मेडिकलपासून करा, म्हणजे फ्लाइंग शिकायला निघालेली पोरं. कमर्शियल लायसन्सला क्लास वन लागतं, तो पुढचा टप्पा. आणि लोकांना 'मी एएमई' (एव्हिएशन मेडिकल एक्झॅमिनर) असं सांगू नका, विमानाचे मेकॅनिक समजतात, त्यांनाही एएमईच म्हणतात.

आता जोडधंद्याचं. माझा कॉलेजपासूनचा मित्र, कोथरूडचा, मुलाला घेऊन आला. पोरगा चुणचुणीत, बारावीला उत्तम मार्क, फ्लाइंग स्कूलची फी भरायची तयारी झालेली. वजन, बीपी, कान, सगळं ठीक. मग इशिहाराचं पुस्तक काढलं, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवून रंगदृष्टी तपासणारं. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, त्यानेही वाचला. पुढचं पान मी उलटतोय तोवर हा म्हणाला, "आठ." आकडा नीट समोर यायच्या आधीच. त्यानंतर "सहा, एकोणतीस, सत्तावन्न," पाढे म्हटल्यासारखं. मी पुस्तक मिटलं आणि मधलंच एक पान उघडलं. त्यावर ७४ होता. पोरगा गप्प. बराच वेळ बघून हळूच म्हणाला, "एकवीस?"

लाल-हिरव्याचा गोंधळ असलेल्याला तिथे २१च दिसतो. पुस्तक कोणी पाठ करून घेतलं होतं, ते बापाच्या चेहऱ्यावरून कळलं.

मुलाला बाहेर बसवल्यावर मित्र म्हणाला, "अरे, एक सही तर करायचीय. गाडी चालवतो की तो, सिग्नल कळतात त्याला!" चौकातल्या सिग्नलला लाल वर असतो, हिरवा खाली. रंग कळला नाही तरी जागा कळते. विमान उतरवताना धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ दिसते. दोन पांढरे, दोन लाल असले तर बरोबर, चारही लाल झाले तर तुम्ही फार खाली आलात. तिथे जागा पाठ करून भागत नाही. हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "तू मोठा साहेब झालास."

सही आपली असली तरी फिट-अनफिट आपण ठरवत नाही. आपण तपासून कळवायचं, निर्णय डीजीसीएच्या मेडिकल विभागाचा. त्यामुळे 'मी सांभाळून घेतो' म्हणायची सवय असलेल्या फॅमिली डॉक्टरने या वाटेला जाऊच नये. माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे. पैशाचं म्हणाल तर क्लिनिकच्या ओपीडीत यापेक्षा बरे सुटतात.

कॉकपिटची थोडी ओळखही हवी, आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेचे नियमच तसं सांगतात. हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, बिनइंजिनाच्या विमानांचं. मी तिथे मागच्या सीटवर बसून एकदा वर गेलो होतो, पोटात गोळा आला, पण पट्टे बांधून बसलेल्या माणसाला मान किती वळवावी लागते ते कळलं.

हो, नियम बदलत असतात. अर्जाआधी डीजीसीएच्या साइटवरचं ताजं परिपत्रक वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. आणि इशिहारात नापास म्हणजे सगळं संपलं असंही नाही. विमानवाहतुकीतले रंगीत दिवे नीट ओळखता आले तर आयकाओच्या नियमांत फिट ठरायची वाट आहे, त्याची चाचणी वेगळी होते.

मित्रा, तू हे वाचत असशील तर त्या दिवशी मी कागदावर 'पुढील रंगचाचणी करावी' एवढंच लिहिलं होतं. त्या चाचणीला तूच त्याला पाठवलं नाहीस.