घरपट्टीत ४० टक्के सवलत का दिसत नाही?

प्रश्न : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आम्ही स्वतः राहतो, तरी घरपट्टी पूर्ण दराने आली. काय करावे?

उत्तर : मालक स्वतः राहतो त्या घराला मिळणारी ही ४० टक्के सवलत १९७० पासूनची. मध्यंतरी काढली आणि २०२३ मध्ये परत दिली, पण स्वतः राहत असल्याचे सिद्ध करायचे ओझे करदात्यावर टाकून. हे अन्यायाचे आहे. महापालिकेने स्वतः पाहणी करायला हवी होती. तूर्त पीटी-३ अर्ज (या सवलतीसाठीचा नमुना) महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या. सोबत सोसायटीचे पत्र आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा गॅसकार्ड जोडा. शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रतही लावा. पोच शिक्क्यासह घ्या, कारण अर्ज गहाळ झाला तर तोच पुरावा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणून बिल तसेच पडू देऊ नका.