तिला काय आठवत नाही, ते सोड

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम घालत नाही. हे पत्र तू त्या कॅमेरावाल्या मित्राला दाखवणार, तो अजून चौघांना, आणि मग गावभर होणार की काकांनी तुला झापलं. झापणारच आहे, पण नाव तरी झाकलेलं राहू दे.

रविवारी तू गेलीस आणि माझी दुपारची झोप गेली. वाड्यात आलेल्या, लहानपण विसरलेल्या त्या मुलीच्या सिनेमाचं चौऱ्याण्णव पानांचं स्क्रिप्ट टेबलावर ठेवून गेलीस त्याचं काही नाही, स्क्रिप्टं येतच असतात. पण चप्पल घालता घालता तू जे बोललीस ते डोक्यात बसलं. "काका, आता मलाच कळत नाहीये की तिला नक्की काय आठवत नाही." पैसे घालणाऱ्या तुझ्या त्या बिल्डरसाहेबांना पहिल्या दहा मिनिटांत भूत हवंय, मित्राला फ्लॅशबॅक ब्लॅक अँड व्हाइट हवेत, आणि तू दोघांच्या मधे उभी. मी "बघू, वाचतो" म्हणून तुला वाटेला लावलं. वाचलं. दोनदा वाचलं.

तर ऐक. तिला काय आठवत नाही ते सोड. बाकीच्यांना काय आठवतं ते लिही.

तुझ्या गोष्टीत विसरलेली एकच मुलगी आहे. ती सोडून वाड्यात पाच माणसं राहतात आणि पाचही जणांना सगळं लख्ख आठवतंय. आजी, मोठे काका, काकू, आतेभाऊ आणि खालच्या खोलीतला जुना भाडेकरू. ही माणसं रोज उठतात, तोंड धुतात, तिच्यापुढे चहाचा कप ठेवतात आणि गप्प बसतात. भीती तिथे आहे बाई, माळ्यावर नाही. तू मात्र कॅमेरा सारखा त्या पोरीच्या तोंडावर रोखून धरलायस. जिला काही आठवतच नाही तिच्या चेहऱ्यावर तुला काय सापडणार? लपवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघ. लपवणाऱ्याला काम असतं. त्याला आठवायचंही असतं आणि आठवत नाही असं वागायचंही असतं.

आता तुझी डॉक्टरकी निस्तरतो. पान १२ वर तिच्या कपाळाला जिन्याची चौकट लागते आणि सगळं लहानपण पुसून जातं. पान ८८ वर पुन्हा तीच चौकट, तेच कपाळ, आणि सगळं परत! हे वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून तूही चालवू नकोस. डोक्याला मार लागला की बहुतेक वेळा त्या अपघाताच्या आसपासचा काळ जातो, आणि नवं लक्षात ठेवायला जड जातं. जुनं त्या मानाने टिकतं. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच हे मांडून ठेवलंय, की ताजं आधी जातं आणि जुनं शेवटी. स्वतःचं लहानपण गेलंय पण पोळ्या गोल लाटता येतायत, असं मनाला बसलेल्या धक्क्याने होऊ शकतं. तुला हवंय ते हेच. मग चौकट कशाला? काढ ती.

त्यापेक्षा हे घे. अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून एक जण होता. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढला, आणि तेव्हापासून त्याला नवीन काही लक्षात राहीना. त्याला आरशात बघून चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय. हात शिकला, मालकाला पत्ता नाही. तुझी मुलगी वाड्यात "पहिल्यांदा" येते ना? लाइट जातात. येतात तेव्हा कपाटामागचं बटण तिनेच दाबलेलं असतं, न चाचपडता. हातावर एक क्षण थांब आणि लगेच काकूवर जा. काकूने ते बघितलंय. काकूला माहितीय की ते बटण कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला कळणं शक्य नाही. संवाद नको, संगीत तर मुळीच नको.

आणि १९९५ चा मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा प्रयोग माहीत असू दे. चोवीस जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, घरच्यांकडून मिळवलेले. चौथा रचलेला, की तू पाच-सहा वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. घरचे सांगतायत म्हटल्यावर जवळजवळ पाव लोकांना तो थोडाफार किंवा पुरता आठवायला लागला! म्हणजे घरचे आठवण नुसती दडवतात असं नाही, नवी शिवूनही देतात. तुझी आजी हे करू शकते. रोज संध्याकाळी दिवा लावताना नातीला तिच्या लहानपणची एक गोड गोष्ट सांगते, आणि रोज त्या गोष्टीत एक तपशील बदलतो. प्रेक्षकाच्या ते लक्षात येईल तेव्हा तुला भुताची गरजच उरणार नाही.

हो, भूत. खरं ठेवू का भास, असं तू दोनदा विचारलंस. तुझी मर्जी! पण ते दिसतं तेव्हा आजी दचकत नाही, एवढं लिही. बिल्डरसाहेबांचंही काम झालं, तुझंही.

पान ४० वर तिला डायरी सापडते. मला खरंच राग आला. नाशिकमध्ये जन्मलीस, गंगेवर वाढलीस, आणि घराचं गुपित डायरीत? आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत की! मूळ गाव आणि आडनाव सांग, गुरुजी बासन सोडतात, आणि कोण कधी आलं, कुणाचं काय केलं, खाली सह्या. मी वडिलांच्या माघारी पहिल्यांदा आमची वही बघितली. वडील एकुलते एक, असं आम्हाला जन्मभर सांगितलेलं. वहीत त्यांच्या पाठीवर अजून एक नाव होतं. घरी येऊन आत्याला विचारलं तर म्हणाली, "असेल काही, जुने कागद सगळे १९६९ च्या पुरात गेले." आमचा वाडा टेकावर होता. पाणी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडवून सराफ बाजारात शिरलं तरी आमच्या ओट्याला लागलं नव्हतं, हे आत्यानेच शंभरदा सांगितलेलं. ती तेवढं बोलली आणि मेथी निवडायला बसली. मी गप्प बसलो. आत्या गेली. आता विचारायला कोणी नाही. तू वही वापर, पूरही वापर. असली खोटी कारणं फक्त गावच्या माणसालाच पकडता येतात.

आता माझ्या सिनेमाबद्दल तू जे ऐकलंयस ते. लोक सांगतात, काका हट्टी, काकांनी शेवट बदलला नाही म्हणून सिनेमा कपाटात पडला. उलट आहे. मी बदलला! १९९८, भद्रकालीतला वाडा, अकरा दिवस, बीटाकॅमवर. त्यात आत्याचं काम करणारी बाई नाटकातली होती. चार मिनिटांचा एक शॉट होता. ती नऊवारीची घडी घालता घालता पुतण्याला खोटं सांगते, आणि जिथे खोटं सुरू होतं तिथून घडी चुकत जाते. मी तिला हे सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच केलं. वितरक म्हणाला, लांबलंय. मी कापला. त्या जागी मुंबईहून भाड्याने आणलेलं धुराचं मशीन आणि केस सोडलेली बाई घातली. तरी सिनेमा विकला गेला नाही तो नाहीच. कापलेला तुकडा मी सांभाळून ठेवला नाही, टेप महाग म्हणून त्याच्यावर पुढच्या महिन्यात एक मुंज शूट केली. तेव्हापासून मी हट्टी झालो. उशिरा झालो हे कबूल.

पण लपवणाऱ्याकडे बघायचं हे तत्त्व मला सिनेमाने शिकवलं असं समजू नकोस. मी पोट लग्नाच्या शूटिंगवर भरलं, आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती आता सांगतो.

एक लग्न मी १९९१ मध्ये शूट केलं होतं. तीन वर्षांनी त्या घरचा धाकटा दुकानात आला. म्हणाला, कॅसेटमध्ये मोठ्या वहिनी दिसतात तेवढ्या काढा. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून मी रात्रभर बसलो. जिथे वहिनी एकट्या होत्या ते सोपं होतं. जिथे त्या नवरीच्या मागे दिवा घेऊन उभ्या, तिथे व्हिडिओ मिक्सरवरचा बदाम टाकला. आठवतो ना तुला तो बदामाचा इफेक्ट, तुझ्या आईबाबांच्या कॅसेटमध्येही असणार. एका ठिकाणी नुसता हात राहिला, हिरवा चुडा आणि तबक. पण मंगलाष्टक त्यांनीच म्हटलं होतं. स्वतः रचलेलं, वरच्या पट्टीत. चित्र काढता आलं, आवाज काढता येईना. वरून सनई चढवली.

कॅसेट द्यायला घरी गेलो. उरलेले पैसे घ्यायचे म्हणून लावून दाखवली. सगळे बसलेले. सनईच्या खालून "सावधान" ऐकू आलं, तशी सहाएक वर्षांची एक मुलगी उठून टीव्हीच्या पार जवळ गेली आणि म्हणाली, "हे कोण म्हणतंय?" कुणी हललं नाही. मग तिची आजी म्हणाली, "भटजींची बायको." आणि माझ्याकडे वळून, "पोहे घ्या हो, गार होतायत." मी पोहे खाल्ले. पैसे मोजून घेतले. वर लिंबू मागितलं.

तू म्हणशील, तेव्हाच बोलायचं होतं. काय बोलणार होतो? धंदा होता, दोन पोरं शाळेत, कॅमेऱ्याचे हप्ते. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने पन्नास रुपये कमी घेऊन केलं असतं, आणि त्याने मूळ कॅसेटही पुसली असती. मी पुसली नाही. माझ्याकडे आहे ती अजून. हे मी स्वतःला तीस वर्षं सांगतोय, म्हणून तुलाही सांगून टाकलं. त्या खोलीत विसरलेली एकच होती, टीव्हीसमोरची. बाकी आम्ही सगळे लपवणारे. तेव्हा कॅमेरा फिरवला असता तर माझ्यावरही आला असता. तुझ्या त्या भाडेकरूला नीट लिही. त्याचा घराशी काही संबंध नाही असं तुला वाटतंय, पण त्याला माहितीय आणि तो दर महिन्याला भाडं देतोय.

बाकी किरकोळ. फ्लॅशबॅक काळे-पांढरे नकोत, मुळात फ्लॅशबॅकच नकोत. वाडा मिळत असेल तर पावसाळ्याआधी उरक, नंतर धोकादायक वाड्याची नोटीस लागली की मालक आत पाऊल टाकू देणार नाही. प्रत्येक खोलीची शांतता मिनिटभर वेगळी रेकॉर्ड कर, एडिटला देव आठवणार नाही. आणि बिल्डरसाहेबांना चौऱ्याण्णव पानं वाचून दाखवू नकोस. फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीपुढे कॅमेरा लावला, वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपलं, आणि तेवढ्यावर पैसे उभे केले. तूही एकच सीन शूट कर. चहाचा. तिने विचारायचं, "या भिंतीवर आधी फोटो होता का?", आणि पाच जणांनी चहा प्यायचा. ती पाठमोरी असू दे.

गुरुवारी संध्याकाळी ये. तेवढा सीन नव्याने लिहून आण, बाकीची पानं घरी ठेव, आणि मित्रालाही घरीच ठेव. कॅसेट बघायची असेल तर कुठून तरी चालू व्हीसीआर मिळव. माझा फीत खातो, आणि ती एकच प्रत आहे.

काका