‘माझ्यामुळेच मनीचे बीपी वाढले का?’

गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या एक काकू माझ्याकडे आल्या त्या स्वतःच्या नव्हे, तर मांजरीच्या बीपीने हैराण होऊन. 13 वर्षांच्या मनीला जुन्या नऊवारीच्या तुकड्याने झाकलेल्या टोपलीतून त्यांनी टॅक्सीने दवाखान्यात नेले होते. बाहेर बराच वेळ एक कुत्रा भुंकत होता, आणि आत गेल्यावर वरचा दाब 190 भरला. आपणच तिला घाबरवून हा आजार लावला, असे त्यांनी मनाशी घेतले होते. म्हातारे जनावर सांभाळणारे अनेकजण मला हेच विचारतात.

तपासणीच्या टेबलावर मनी कशी दिसत होती, ते मी त्यांना आठवायला सांगितले. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि स्टीलच्या पत्र्यावर पंजांचे ओलसर ठसे: दोन्ही अनुकंपी मज्जासंस्थेच्या, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या, खुणा. भीती वाटताच या मज्जासंस्थेचे तंतू नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडतात व बारीक रोहिण्या आकसतात, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोराने धडधडते आणि दाब पाहता पाहता चढतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1911 मध्ये मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणून, त्या मांजराच्या रक्तात हे अ‍ॅड्रेनॅलिन दाखवून दिले होते. मनीवर तोच प्रयोग दवाखान्याच्या बाकावर झाला, असे म्हटल्यावर काकू पहिल्यांदा हसल्या. भीती सरली की हा दाब उतरतो.

मूत्रपिंडाच्या आजाराने चढलेल्या दाबाचे तसे नाही. मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिन या द्रव्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते, ते रोहिण्या आवळते आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवून शरीरात मीठ व पाणी साठवायला लावते. असा दाब गाढ झोपलेल्या मांजरातही टिकतो आणि वेळप्रसंगी तिची दृष्टी घेतो. म्हणून ‘घाबरली असेल’ एवढ्यावर विषय मिटवणे मला मान्य नव्हते.

पुढच्या खेपेस डॉक्टरांनी तिला शांत खोलीत दहा मिनिटे टोपलीतच राहू दिले, पहिले माप सोडून दिले आणि पुढच्या पाचांची सरासरी काढली, ती 165 आली, म्हणजे तरीही जास्तच. दोन आठवड्यांनीही आकडा तेवढाच होता आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण असलेले रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले निघाले. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे औषध सुरू झाले. “अहो, ही तर यजमानांचीच गोळी!” काकू म्हणाल्या. त्यांच्या डब्यातली मोडून मनीला द्यायची नाही, हे मात्र डॉक्टरांनी दोनदा बजावले.