चार आठवड्यांत कादंबरी होते का हो?

मागच्या महिन्यात या सदरात नोबेल मिळालेला इंग्लिश लेखक म्हणून काझुओ इशिगुरोचा नुसता उल्लेख केला होता, तर सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच आले. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवलीत.

प्रश्न : तुम्ही इशिगुरोला इंग्लिश लेखक का म्हणता? नाव तर पक्कं जपानी आहे. – एक वाचक, सातारा

नाव जपानीच, आणि जन्मही नागासाकीचा, १९५४ चा. पण तो पाच वर्षांचा असताना, १९६० मध्ये, आईवडील त्याला घेऊन इंग्लंडात गिल्डफर्डला आले. वडील समुद्रशास्त्रज्ञ, ब्रिटिश सरकारच्या रिसर्चसाठी बोलावलेले, आणि घरात कायम हेच की आता थोड्या दिवसांत परत जायचं (न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, ओळखीचं वाटेल). पोराची तयारी राहावी म्हणून जपानहून दर महिन्याला मासिकं आणि कॉमिक्सचं पार्सल यायचं. जाणं काही झालंच नाही. शाळा तिथलीच, चर्चमधलं गाणं तिथलंच, मग केंट युनिव्हर्सिटी, ईस्ट अँग्लियाला क्रिएटिव्ह रायटिंगचं एमए आणि १९८३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व. आता गंमत बघा, पहिल्या दोन कादंबऱ्यांत जपान आहे, आणि त्या लिहीपर्यंत हा माणूस जपानला एकदाही परत गेलेला नव्हता, गेला तो थेट १९८९ मध्ये! डोक्यातलं ते लहानपणीचं जपान पुसट व्हायला लागलं होतं, ते पार जायच्या आत कागदावर उतरवायचं होतं, असं त्यानेच नोबेलच्या भाषणात सांगितलंय.

प्रश्न : मी बँकेत काम करते. इशिगुरोने बुकर पुरस्कार मिळालेली कादंबरी चार आठवड्यांत लिहिली असं वाचलं. माझी महिनाभराची रजा शिल्लक आहे, प्लॉटही डोक्यात तयार आहे. टाकू का रजा? – एक वाचिका, ठाणे

टाका ना ताई. पण आधी पूर्ण गोष्ट ऐका, कारण ही अर्धीच फॉरवर्ड होत असते.

कादंबरी म्हणजे 'द रिमेन्स ऑफ द डे', एका इंग्लिश बटलरची, म्हणजे बड्या घरातल्या मुख्य नोकराची. १९८७ चा उन्हाळा. दुसरं पुस्तक गाजल्यामुळे आमंत्रणं, मुलाखती, टपाल यात साहेब अडकलेले, नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहून जवळपास वर्ष झालेलं आणि पुढे एक पान नाही. मग त्याने आणि बायकोने, लोर्नाने, मिळून ठरवलं की चार आठवडे सगळं बंद. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते रात्री १०.३०, जेवायला दुपारी एक तास आणि रात्री दोन, फोन नाही, टपाल उघडायचं नाही, घरी कोणी यायचं नाही. लिहायचं ते पण कसं, तर भाषा चांगली आहे का, सकाळचं संध्याकाळशी जुळतंय का, काहीही न बघता. पहिल्या रविवारी सुट्टी म्हणून बाहेर पडला तर त्यांच्या लंडनमधल्या सिडनमच्या रस्त्याला उतार आहे आणि लोक तो चढता-उतरता धापा टाकतायत, धडपडतायत, याच गोष्टीवर हसत सुटला. बायकोला काळजी, अजून तीन आठवडे असंच जायचे!

महिन्याअखेर हाती जवळपास पूर्ण कादंबरी होती, पण कच्ची. नीट लिहून काढायला पुढे बराच वेळ गेला, पुस्तक आलं १९८९ मध्ये. आणि त्या महिन्याच्या आधी नोकरांच्या आठवणी, दोन महायुद्धांमधलं ब्रिटिश राजकारण, असं ढीगभर वाचून झालेलं होतं. म्हणजे तुमचा प्लॉट तयार आहे हे चांगलंच, पण वाचून, टिपणं काढून झालंय का? नसेल तर रजा वाचण्यातच संपेल, माझी दिवाळी अंकाच्या वेळी दरवर्षी संपते तशी.

आणि फॉरवर्डमधून हमखास गळणारा मुद्दा म्हणजे त्याच्या वाट्याचा स्वयंपाक आणि घरकाम तो महिनाभर लोर्नाने केलं, स्वतःचं काम सांभाळून. दोघांची ओळख लंडनमध्ये बेघरांसाठीच्या संस्थेत काम करताना झालेली. त्याची पहिली वाचकही तीच. 'द बरीड जायंट'ची सुरुवातीची पानं वाचून तिने हे चालणार नाही असं तोंडावर सांगितलं, आणि त्याने मुकाट्याने पहिल्यापासून सुरू केलं. ती कादंबरी आली २०१५ मध्ये, आधीच्या कादंबरीनंतर तब्बल दहा वर्षांनी. तेव्हा ताई, रजेचा अर्ज मॅनेजरकडे द्यायच्या आधी घरी बसून ठरवा, महिनाभर पोळ्या कोण लाटणार.

प्रश्न : 'द रिमेन्स ऑफ द डे'चा आधी सिनेमा बघू की पुस्तक वाचू? – एक वाचक, नागपूर

पुस्तक. बटलर स्वतःशीच किती खोटं बोलतो ते त्याच्या तोंडूनच कळायला हवं, पडद्यावर ते अँथनी हॉपकिन्सच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. तसा सिनेमाही उत्तमच आहे, १९९३ चा, ऑस्करची आठ नामांकनं, एकही मिळालं नाही. निर्मात्यांत इस्माइल मर्चंट आहेत, जन्म आपल्या मुंबईतला.